भांगाचा रविवार

आपलाच आवाज मासळीच्या पाटीमागून ऐकू आला, तर माणसानं करायचं काय? संघमित्रानं आधी इकडेतिकडे पाहिलं. नोव्हेंबरातली सकाळ होती, प्रभादेवीचा बाजार भरलेला, आणि समोर सुंदराबाईंच्या पाटीत मांदेली चमकत होती. तिनं मांदेली निवडायला हात पुढे केला आणि पाटीच्या मागून तिचाच आवाज आला, अगदी स्वच्छ. "रिपीट आफ्टर मी. आय हॅव बीन वेटिंग सिन्स मॉर्निंग."

त्यापाठोपाठ एक घोगरा पुरुषी आवाज तेच वाक्य एका दमात म्हणून मोकळा झाला.

"सावकाश म्हणा. घाई कसली आहे?" संघमित्रा सवयीनं बोलून गेली.

पाटीमागून एक डोकं वर आलं. तिशीचा, उन्हानं रापलेला तरुण. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बर्फाचा तुकडा. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे, मग परत तिच्याकडे. चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता, आवाज मात्र पुरता ओळखीचा. तो झटकन उठला आणि बर्फ पायावर पडला.

"मॅडम..." म्हणत तो बर्फ उचलायला खाली वाकला.

"हीच काय गो ती फोनातली बाय?" सुंदराबाईंनी कोयता बाजूला ठेवून तिला नीट न्याहाळलं. "दिसभर आमचे घरान बोलते. बघितली आज."

हा कल्पेश. सुंदराबाईंचा मुलगा, वरळी कोळीवाड्यातला, स्वतःच्या बोटीवर जाणारा. संघमित्राच्या यादीत तो महिनाभर नुसतं एक नाव होता. त्या दिवशी तिनं भाव न करता मांदेली घेतली, आणि घरी जाईपर्यंत कोथिंबीर घ्यायची राहिली हे तिच्या लक्षात आलं नाही.

संघमित्रा लालबागच्या ‘दीपमाळ भाषा केंद्रा’त कामकरी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची. आठवड्याचे चार दिवस धडा फोनवर जायचा, तिनं रेकॉर्ड केलेला, आणि विद्यार्थ्यांनी आपलं उत्तर बोलून परत पाठवायचं. रविवारी सकाळी दहाला सगळ्यांनी प्रभादेवीच्या एका शाळेतल्या भाड्याच्या खोलीत जमायचं आणि समोरासमोर बोलायचं. ऑफिसच्या कागदांवर ह्याला ‘मिश्र वर्ग’ म्हणत. आनंदीबाई त्याला भेळ म्हणत. त्या परळच्या एका हॉस्पिटलात आया होत्या आणि डॉक्टर लोक आपल्या डोक्यावरून काय बोलतात ते निवृत्तीपूर्वी एकदा कळावं, एवढ्यासाठी शिकत होत्या.

संघमित्राला फोनचा भाग मुळीच आवडत नसे. माणसाचं तोंड बघितल्याशिवाय भाषा कशी शिकवणार, असं ती सगळ्यांना सांगे. पण कल्पेशच्या बाबतीत तिचं हे म्हणणं साफ उलटं पडलं. बाजारातल्या भेटीनंतरच्या रविवारी तो पहिल्यांदाच वर्गाला आला, तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. तुमच्या कामाच्या जागेबद्दल सांगा, म्हटल्यावर उभा राहिला, कानापर्यंत लाल झाला, "बोट" म्हणाला आणि बसला. सगळे हसले. संघमित्रा हसली नाही, तरी त्यानं खाली घातलेली मान तास संपेपर्यंत वर केली नाही.

आणि मंगळवारी त्याच प्रश्नाचं उत्तर फोनवर आलं. मागे मोटरचा आवाज, वारा, कोणीतरी कोणाला तरी हाका मारतंय, आणि त्या सगळ्यातून तो मजेत बोलत होता. "माय वर्कप्लेस इज व्हेरी बिग. नो वॉल. नो डोअर. एव्हरीबडी थिंक्स आय ॲम बॉस. बट बॉस इज वॉटर."

संघमित्रानं ते दोनदा ऐकलं. शिक्षिकेनं उत्तर एकदाच ऐकायचं असतं. तिनं परत निरोप पाठवला की उत्तर छान आहे, पण मोटर बंद करून बोला.

तासाभरानं जबाब आला. "मोटर बंद केली तर परत कसा येणार, मॅडम? आणि रविवारी यायचं हाय."

हे सरळ होतं, की जरा तिरकं? ती दिवसभर ह्याच विचारात राहिली. रविवारी तो आलाच नाही. तिनं पाठवलेल्या पुढच्या प्रश्नाखाली एकच टिक, म्हणजे निरोप पोचलेलाच नाही. बोट रेंजच्या बाहेर. दोन दिवस ती तासातासाला फोन उघडून ती एकच टिक बघत होती, आणि एका विद्यार्थ्याच्या गैरहजेरीनं असं का व्हावं, हे तिला स्वतःलाही विचारवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळी उत्तरं एकदम येऊन पडली. गैरहजर का राहिलात, ह्याचं उत्तर त्यात होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला ओढ असते, उधाण असतं, तेव्हा मासळी मिळते आणि आम्ही बाहेर असतो. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावतं, त्याला आम्ही भांग म्हणतो, तेव्हा बोटी किनाऱ्याला. रविवार भांगात आला तर मी येणार, उधाणात आला तर नाही. राग मानू नका.

राग कसला मानतेय ती. ती घरी गेली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिली.

आता हे घर होतं नायगावच्या चाळीतलं, बौद्धांचं. पौर्णिमेला विहारात वंदनेला जायचं, बाकी तिथ्यांशी त्या घराला काही कर्तव्य नव्हतं. कॅलेंडरात पाहायचं ते सुट्ट्या आणि सिलिंडर कधी लावला तेवढंच. आणि ही मुलगी डोळे बारीक करून अष्टमी शोधत होती. तिचे वडील रामजी पेपरच्या आडून हे दोन महिने बघत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, "अष्टमीला काय असतं गं? आपण कधीपासून पाळायला लागलो?"

"पाण्याचं आहे, पप्पा... म्हणजे क्लासचं."

"पाण्याचं की क्लासचं, एक काय ते ठरव," रामजी म्हणाले आणि पेपरात गेले.

ठरवणार काय? ती त्याच्या प्रेमात पडली होती, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं. त्यात सुख कमी आणि धास्तीच जास्त होती. आपण शिक्षिका, तो विद्यार्थी, मग वयानं दोघं मोठी का असेनात. आपण चाळीतल्या बौद्धांची मुलगी, तो कोळीवाड्यातला. कोणाच्या घरी काय बोललं जाईल, कोण आधी बोलेल, कोण बोलणंच टाकेल, हे तिला तोंडपाठ होतं. आणि ह्या सगळ्याच्या आधीची भीती म्हणजे त्याच्या मनात काहीच नसलं तर? फोनवर एवढं बोलणारा माणूस समोर आला की मान वर करत नाही. महिन्यातून दोन भांगाचे रविवार, तो शेवटच्या बाकावर, ती फळ्यापाशी, एवढीच काय ती भेट. पण त्या दोन रविवारांवर तिचा सगळा महिना चालत होता.

जानेवारीत केंद्राच्या प्रमुख मनालीताईंनी शिक्षकांना बोलावून घेतलं. खोली परवडणं अवघड होत चाललंय, विश्वस्तांना अहवाल हवाय. मिश्र वर्गाबद्दल शिक्षकांची मतं लेखी, विद्यार्थ्यांची फोनवर बोलून. विद्यार्थ्यांची नावं नकोत, नुसते नंबर, म्हणजे लोक मोकळेपणानं बोलतील. प्रत्येक तुकडीतल्या अर्ध्याहून जास्त लोकांनी रविवारचा वर्ग नको म्हटलं, तर त्या तुकडीची खोली सोडायची. महिनाअखेरच्या शनिवारी सहा वाजेपर्यंत ऑफिसच्या नंबरवर मतं यायला हवीत.

वर्गात तिनं हे समजावून सांगितलं. भांगाचा रविवार होता. शेवटच्या बाकावरून त्यानं पहिल्यांदाच आपणहून काहीतरी विचारलं. "ऐकणार कोण?"

"ऑफिस," संघमित्रा म्हणाली. तेव्हा ते खरंच होतं. ती मतं ऐकून मोजायचं काम नूपुरकडे होतं, शेजारच्या तुकडीच्या शिक्षिकेकडे. पण दुसऱ्या आठवड्यात नूपुरला ताप आला आणि मनालीताईंनी ऑफिसचा फोन संघमित्राच्या हातात ठेवला. तुझीच तुकडी आहे, तूच मोजून टाक.

तिचे तेवीस विद्यार्थी. शुक्रवारपर्यंत बावीस मतं आली. आवाज सगळे ओळखीचे, तेव्हा नंबरांना तसा अर्थ नव्हताच. रात्रपाळीच्या वॉचमनला फोनच बरा वाटत होता, रविवारी तरी झोपू द्या म्हणत होता. पार्सल पोचवणाऱ्या दोघांचं तेच. शिवणकाम करणारी तुळसा म्हणाली, घरात मी इंग्रजी बोलले की नवरा हसतो, मला खोली पाहिजे. आनंदीबाईंनी चार मिनिटं घेतली. फोन चूक दाखवतो, पण ‘बसा जरा, चहा घ्या’ म्हणत नाही, असं त्यांचं मत. मोजून झाल्यावर संघमित्रानं परत एकदा मोजलं. अकरा म्हणत होते वर्ग हवा, अकरा म्हणत होते नको.

राहिला एक. तो समुद्रात होता.

शनिवारी दुपारपासून ती ऑफिसात त्या फोनसमोर बसून होती. चार वाजले. नाही आलं मत, तर अकरा-अकरा. अर्ध्याहून जास्त नाहीत, खोली वाचते. आणि आलं, तर तो हवंच म्हणणार. म्हणणार ना? ‘रविवारी यायचं हाय’ असं तोच तर म्हणाला होता. दोन्हीकडून जीत होती, मग जीव का टांगणीला लागलाय, हे तिला कळत नव्हतं.

साडेचारला फोन थरथरला. नंबर तेवीस.

"नमस्कार. माझं मत असं... रविवारचा वर्ग नको. फोन पुरे." मोटरचा आवाज नव्हता, बोट किनाऱ्याला लागली असावी. "कारण सांगायचं का? सांगतो, नाव नाय म्हणून सांगतो. आमच्या टीचर समोर उभ्या असल्या ना, की मला काय येत नाय. बोटीवर मी फाडफाड बोलतो, खलाशी कंटाळतात. त्या समोर आल्या की इंग्रजी जातं, मराठी पण जातं. भीती नाय ती. दुसरं हाय." मागे पाणी बोटीला आपटत होतं. "त्यांना वाटत असेल मी ठोंब्या. फोनवर निदान मी आहे तसा तरी ऐकू जातो. म्हणून फोन बरा. हे त्यांना सांगू नका. थँक यू."

संघमित्रानं फोन टेबलावर उलटा ठेवला. मग सरळ केला, मग परत उलटा. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, आणि मनालीताई पलीकडच्या टेबलावर बसलेल्या. ज्याच्यासाठी तिला रविवार हवा होता, त्याला तिच्यामुळेच रविवार नको होता.

आणि मग दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली. हे मत पुसून टाकलं, तर कोणाला कळणार होतं? समुद्रात रेंज नव्हती, आलंच नाही, म्हणायचं. खोली राहिली असती, तुळसा आणि आनंदीबाई राहिल्या असत्या, आणि महिन्यातले ते दोन रविवारही. तिचं बोट फोनवर खरोखरच गेलं होतं. पण महिनोन्‌महिने तोंड न उघडलेला माणूस आज पहिल्यांदा मनातलं बोलला होता, आणि तेच आपण मिटवून टाकायचं?

तिनं कागदावर लिहिलं, नको म्हणणारे बारा. बाराव्याचं कारण, ‘शिक्षकासमोर बोलताना संकोच वाटतो’. मग स्वतःचं मत लिहिलेलं पान काढलं. समोरासमोर शिकण्याचं महत्त्व तिनं दीड पान भरून लिहिलं होतं. त्याच्या खाली तिनं एक ओळ घातली. ह्या बाबतीत माझं मत निःपक्षपाती नाही, ते धरू नये. मनालीताईंनी ते वाचून भुवया उंचावल्या आणि कागद फायलीत लावला.

दुसऱ्या दिवशी भांगाचा रविवार, आणि आता शेवटचा वर्ग. संघमित्रानं निकाल सांगितल्यावर आनंदीबाईंनी सगळ्या बाकांवरून नजर फिरवली आणि कोणाला एवढी खोली टोचत होती, असं खणखणीत विचारलं. कल्पेश बाकावरची रेघ नखानं उकरत राहिला.

तास सुटल्यावर तिनं त्याला थांबवलं. रात्रभर विचार करून ठरवलं होतं, सांगायचं. जे आपल्यासाठी बोललेलं नव्हतं ते आपण ऐकलंय, हे त्याला कळायला हवं.

"नूपुर आजारी होती," ती म्हणाली. "मतं ऑफिसनं नाही ऐकली, कल्पेश. मी ऐकली."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग तो वळला आणि जिने उतरून चालता झाला, एकदाही मागे न बघता. तिला त्याच्या मागे धावायचं होतं, पण आनंदीबाई डबा उघडून बसल्या होत्या आणि शेवटच्या दिवसाचा शिरा सगळ्यांनी खाल्ल्याशिवाय कोणाला सोडणार नव्हत्या.

पुढचे दिवस वाईट गेले. धडे फोनवर जात होते, बावीस उत्तरं येत होती. तेविसावं नाही. आधी तिथं दोन टिका दिसत, म्हणजे निरोप पोचून तो गप्प होता. मग उधाण आलं आणि एकच टिक राहिली. त्या आठवड्यात वारा उलटा फिरला, हवामान खात्याचा इशारा आला, आणि संघमित्रा शिकवतानाही खिडकीबाहेर बघायला लागली. बाजारात जायचं धैर्य होईना. शेवटी गेली, तर सुंदराबाईंच्या जागी दुसरीच कोणी बसलेली. का, ते विचारायला तिची जीभ रेटली नाही. मांदेली न घेताच परत आली. रामजींनी त्या संध्याकाळी कॅलेंडरचं पान उलटून दिलं. पुढची अष्टमी रविवारीच येत होती.

त्या रविवारी दहाला ती शाळेच्या फाटकापाशी उभी होती. सवयीनं पाय वळले, असं तिनं स्वतःला सांगितलं, पण पायांना सवय असली तरी इस्त्रीच्या साडीला नसते. फाटकाला कुलूप होतं. दहाचे सव्वादहा झाले, साडेदहा झाले. आपण इथं उभ्या आहोत आणि हे कोणाला माहीतही नाही, ह्याची तिला लाज वाटू लागली. ती निघणार, एवढ्यात गल्लीच्या टोकाला तो दिसला. धावत येत होता, हातात वही.

"आईला ताप होता," तो धापा टाकत म्हणाला. "आता बरी हाय. मी रोज... म्हणजे बोटीवर..." आणि संपलं. कान लाल, नजर खाली. वही त्यानं या हातातून त्या हातात घेतली. तो बोलायला आला होता, पाठ करून आला होता, आणि ती समोर उभी होती.

मग त्यानं जे केलं ते कोणी शहाणा करणार नाही. त्यानं हात वर करून तिला थांबायची खूण केली, दहा पावलं चालत भिंतीपाशी गेला, तिच्याकडे पाठ केली आणि खिशातून फोन काढला. तो काहीतरी पुटपुटत होता. जाणारेयेणारे बघत होते. मिनिटाभरानं संघमित्राच्या पर्समधला फोन वाजला.

तिनं कानाला लावला. मागे शाळेच्या गल्लीचाच आवाज होता आणि त्यातून तो, सावकाश, एकेक शब्द जपून ठेवत. "मॅडम, आय ॲम सॉरी. बिकॉज ऑफ मी, रूम क्लोज्ड. आय वॉज नॉट अफ्रेड ऑफ इंग्लिश. आय डोन्ट वॉन्ट क्लास. आय वॉन्ट संडे."

तो अजून भिंतीकडे तोंड करून उभा होता, शिक्षा झालेल्या पोरासारखा. संघमित्रा चालत त्याच्यापाशी गेली.

"वळ इकडे," ती म्हणाली. ती त्याला कायम ‘तुम्ही’ म्हणत आलेली, पण आज ते दोघांनाही खटकलं नाही. "शेवटचं वाक्य समोरासमोर म्हण. सावकाश. घाई कसली आहे?"

तो वळला. दोन वेळा ततपप झालं. तिसऱ्या वेळेला त्यानं मान वर केली आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "आय... वॉन्ट संडे." आवाज चिरकला होता, पण म्हणाला.

तिनं पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "एक सांगायचंय," ती म्हणाली. "उद्यापासून तुझा गृहपाठ नूपुर तपासेल. मी सांगितलंय तिला."

त्याचा चेहरा पडला. "का? एवढं चुकलं?"

"चुकलं नाही. तुझी उत्तरं मी दोन-दोनदा ऐकते. अशा बाईनं तपासायची नसतात."

हे त्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. मग तो हसला, कान अजूनही लाल. आईला सगळं ठाऊक आहे, त्यानं सांगितलं. जी बाय भाव न करता मांदेली नेते तिच्या मनात काहीतरी हाय, असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. संघमित्रा म्हणाली, माझ्या घरी सोपं नाही, तुझ्याही गल्लीत नसेल. तो म्हणाला, नाय सोपं. भीती कुठं गेली नव्हती, पण आता ती एकटीची राहिली नव्हती.

निघताना तो परत अडखळला. "पुढच्या रविवारी मी..."

"नसशील," संघमित्रा म्हणाली. "उधाण आहे. त्याच्या पुढच्या रविवारी भांग. दहा वाजता, इथंच."

कल्पेश बघतच राहिला. "तुम्हाला कसं माहीत?"

"कॅलेंडरात बघते," ती म्हणाली. "नोव्हेंबरपासून."